यॉर्कची मध्ययुगीन पेनी वाचायची कशी: सुरुवात मागच्या बाजूने करा

इंग्लंडातलं जुनं चांदीचं नाणं पहिल्यांदा हातात आलं की सगळे आधी राजाचा चेहरा बघतात, मीही तेच करायचो, आणि सगळा वेळ तिथेच जायचा. चेहरा म्हणजे काय, दोन ठिपक्यांचे डोळे, चार रेघांची दाढी आणि डोक्यावर मुकुट. बरं, नावावरही विसंबता येत नाही, कारण ११८० ते १२४७ या काळात इंग्लंडात पडलेल्या प्रत्येक पेनीवर राजाचं नाव हेन्रीच आहे, मग गादीवर दुसरा हेन्री असो, रिचर्ड असो, जॉन असो नाहीतर तिसरा हेन्री असो. या रिचर्डच्या (म्हणजे पहिल्या) किंवा जॉनच्या नावाची एकही इंग्लिश पेनी नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे, नाणं उलटं करा आणि मागची बाजू आधी वाचा. तिथे ते नाणं कुणाच्या जबाबदारीवर पडलं त्या माणसाचं नाव असतं आणि कुठल्या गावात पडलं त्या गावाचं नाव असतं, आणि या दोन नावांवर अख्ख्या टाकसाळीचा इतिहास उभा करता येतो.

मी यॉर्क घेतोय कारण मी लीड्सला राहतो, ट्रेनने अर्ध्या तासात यॉर्क येतं आणि तिथलीच नाणी मी सगळ्यात जास्त हाताळली आहेत. पण हीच रीत लिंकन, विंचेस्टर, कँटरबरी कुठेही चालते.

आधी सामान. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार डोळ्याला लावतो तसलं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा. आणि एक टेबल लॅम्प, ज्याचा उजेड आडवा पाडता येईल. हे आडव्या उजेडाचं फार महत्त्वाचं आहे, वरून उजेड मारलात तर झिजलेलं नाणं नुसतं करडं दिसतं, पण उजेड बाजूने आला की प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि जे आत्तापर्यंत नव्हतंच वाटत होतं ते नाव अचानक समोर येतं. नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड पसरा. जमिनीत आठ-नऊशे वर्षं पडलेली चांदी ठिसूळ झालेली असते आणि ही पेनी इतकी पातळ असते की टाइलवर पडली तर सरळ तुकडा उडतो.

आणि घासू नका. हे मी कळकळीने सांगतोय. घरी देवाची चांदीची भांडी टूथपेस्टने चकचकीत करायची सवय, तसंच मी माझ्या पहिल्या पेनीला केलं, आणि अक्षरांच्या कडा, ज्या त्या काळ्या थरामुळेच वाचता येत होत्या, त्या गेल्या. मधलं अर्धं नाव आजही मला लागत नाही. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, बास.

आता वाचायला घेऊ. मागच्या बाजूला कडेने गोल अक्षरं असतात. त्यात एक बारका क्रॉस शोधा, मधला मोठा नव्हे, अक्षरांच्या ओळीतला. तिथून सुरुवात आणि घड्याळाच्या दिशेने पुढे. आधी माणसाचं नाव, मग बहुतेक वेळा ‘ऑन’, म्हणजे ‘इथे’, आणि मग गाव. एकदम जुन्या, दहाव्या शतकाच्या आसपासच्या नाण्यांवर ‘ऑन’च्या जागी एम आणि ओ असतं, ते मोनेटारियस या लॅटिन शब्दाचं छोटं रूप, म्हणजे इंग्रजीत मनीयर, ज्याच्या जबाबदारीवर नाणं पडायचं तो माणूस. १२४७ नंतर मोठा क्रॉस थेट कडेपर्यंत जातो आणि अक्षरं चार तुकड्यांत विभागली जातात, तेव्हा बारका क्रॉस शोधत बसू नका, चारही तुकडे कागदावर लिहून काढा आणि जोडून बघा.

अक्षरांच्या काही खोड्या आधीच सांगतो म्हणजे अडायला होणार नाही. यू नसतोच, सगळीकडे व्ही. ए ला मधली आडवी दांडी बऱ्याचदा नसते. अकराव्या शतकापर्यंतच्या नाण्यावर पी सारखं दिसणारं अक्षर पी असेलच असं नाही, ते जुन्या इंग्रजीतलं ‘वेन’ असू शकतं, उच्चार ‘व’. डी च्या पाठीत आडवी रेघ असेल तर उच्चार ‘थ’. आणि तेराव्या शतकाच्या शेवटी सी आणि ई दोन्ही इतके गोल आणि बंद होतात की मधली बारीक रेघ भिंगाखाली दिसली तरच ई म्हणायचं. हे असं का, तर ठसा कोरणारा अक्षर लिहीत नव्हता, त्याच्याकडे छोट्या छिन्न्या असायच्या, एक सरळ पाचरीसारखी, एक चंद्रकोरीसारखी, त्याच दोन-तीन छिन्न्या ठोकून ठोकून तो सगळी अक्षरं बनवायचा. हे एकदा डोक्यात बसलं की वाचन फार सोपं होतं, तुम्ही अक्षर शोधायचं सोडून ठोके बघायला लागता.

आता गावाचं नाव, आणि यॉर्कच्या बाबतीत नावाचं स्पेलिंग हीच तारीख.

सुरुवात ई-बी ने होत असेल आणि नाण्यावर राजाचा चेहराच नसेल तर तुमच्या हातात व्हायकिंग काळ असू शकतो. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, त्याआधी तिथे तांबट धातूची बारकी नाणी चालायची ज्यांना स्टायका म्हणतात आणि त्यांच्यावरही मागे पाडणाऱ्याचं नाव असायचंच. व्हायकिंग आले आणि काही वर्षांनी चांदीच्या पेन्या पडायला लागल्या. त्यातल्या सगळ्यात सुंदर म्हणजे सेंट पीटरच्या पेन्या, दहाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या. राजाचं नाव कुठेच नाही, एका बाजूला लॅटिनमध्ये ‘सेंट पीटरचं नाणं’ (यॉर्कचं मोठं चर्च त्याच्याच नावाचं) आणि दुसऱ्या बाजूला ‘एब्राइसे’, म्हणजे यॉर्क. नंतरच्या पेन्यांवर मधोमध आडवी तलवार येते. आता भिंग घ्या आणि तलवारीच्या खाली बघा, किंवा पीटरच्या नावातला शेवटचा आय बघा. काही नाण्यांवर तो आय नाहीच, तिथे हातोडा आहे, थॉर देवाचा हातोडा. ख्रिस्ती संताच्या नावात जुन्या धर्माच्या देवाचं शस्त्र, आणि हे सगळं जेमतेम दोन सेंटिमीटरच्या चांदीवर. मी पहिल्यांदा यॉर्कच्या म्युझियममध्ये काचेमागून हे बघितलं तेव्हा किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. त्या गावात तेव्हा दोन्ही धर्मांची माणसं एकाच बाजारात व्यवहार करत होती आणि टाकसाळवाल्याने दोघांनाही चालेल असं नाणं पाडलं.

९२७ मध्ये इंग्लिश राजा अॅथेलस्टनने यॉर्क जिंकलं. त्याच सुमाराला कुणीतरी आपला खजिना यॉर्कच्या पश्चिमेला शेतात पुरला, तो २००७ मध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या बापलेकांना सापडला, चांदीच्या प्याल्यात ठेवलेली ६१७ नाणी, आणि त्यात समरकंदकडचे दिरहमसुद्धा. यॉर्कची चांदी कुठून कुठून येत होती ते यावरून कळतं. ९३९ मध्ये व्हायकिंग परत आले, आन्लाफ गुथफ्रिथसन राजा झाला आणि त्याच्या पेनीवर पंख पसरलेला कावळा आला, आपला गावातला कावळा नव्हे, डोंगरातला मोठा डोमकावळा. त्याच्या नावापुढे लॅटिन ‘रेक्स’ नाही, त्यांच्या स्वतःच्या भाषेतला राजाला शब्द आहे, ‘कुनुंक’. इंग्लंडात दरबारी थाट सगळा लॅटिनचा असताना एका राजाने आपल्या बोलीतला शब्द नाण्यावर घातला. शिवरायांच्या नाण्यावर फारसीऐवजी देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ आलं हे ज्याला माहीत आहे त्याला यात काय आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

स्पेलिंग ई-ओ-एफ ने सुरू होत असेल तर ते जुन्या इंग्रजीतलं ‘एओफरविक’. एओफर म्हणजे रानडुक्कर. हे दहावं-अकरावं शतक. ९७३ च्या सुमाराला राजा एडगरने सगळ्या देशाला एकच नमुना लावला, पुढे राजा, मागे माणूस आणि गाव, आणि नमुना दर काही वर्षांनी बदलायचा, जुनी नाणी टाकसाळीत आणून द्यायची आणि नवी घ्यायची, त्यात राजाला हिस्सा. यॉर्कची एक खूण लक्षात ठेवा, एडवर्ड द कन्फेसरच्या (१०४२ ते १०६६) यॉर्कच्या बऱ्याच पेन्यांवर मागे क्रॉसच्या एका कोपऱ्यात बारीकशी पोकळ रिंग असते. नाव झिजून गेलं असलं आणि रिंग दिसली तर आधी यॉर्कचाच विचार करा. आणि मागे मधोमध आडव्या ओळीत पी-ए-एक्स अशी तीनच अक्षरं असतील आणि पुढे हॅरल्ड असेल तर ते नाणं १०६६ च्या जानेवारी ते ऑक्टोबरमधलं. पॅक्स म्हणजे शांतता. त्याच वर्षी २० सप्टेंबरला यॉर्कच्या दाराशी फुलफर्डला लढाई झाली, २५ ला स्टॅमफर्ड ब्रिजला, आणि ऑक्टोबरमध्ये हेस्टिंग्जला हॅरल्ड गेला.

ई-व्ही-ई-आर असेल तर बारावं-तेरावं शतक, ‘एव्हरविक’. आणि ‘सिव्हिटास एबोरासी’ असं ऐसपैस लॅटिन असेल तर १२७९ च्या नंतरचं, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता माणसाचं नाव. अकराव्या शतकातल्या यॉर्कच्या पेन्या वाचायला लागलात की आर्नकेटेल, उल्फकेटेल, ओथग्रिम, थॉर अशी नावं येतात. ही सगळी उत्तरेकडची, व्हायकिंगांच्या भाषेतली. आर्न म्हणजे गरुड, उल्फ म्हणजे लांडगा. राजा इंग्लिश, ठसा इंग्लिश, पण गावातले पैसेवाले लोक अजून आजोबा-पणजोबांची नावं लावत होते. हेच लंडनच्या किंवा विंचेस्टरच्या नाण्यांवर इतकं दिसणार नाही. म्हणून म्हणतो मागची बाजू वाचा, गावात कोण राहत होतं ते तिथे कळतं.

हा माणूस, मनीयर, स्वतः हातोडा मारायचा असं समजू नका. तो गावातला वजनदार आसामी, हाताखाली कामगार. त्याचं नाव नाण्यावर असायचं ते मानाकरता नाही, पकडता यावं म्हणून. आज दागिन्यावर हॉलमार्क असतो तसंच, फक्त शिक्षा फार भयंकर. अॅथेलस्टनच्या कायद्यात लिहिलंय की मनीयर दोषी ठरला तर हात तोडायचा आणि टाकसाळीवर लावून ठेवायचा. आणि हे नुसतं कागदावर नव्हतं, ११२४ च्या नाताळात पहिल्या हेन्रीच्या हुकमावरून देशभरचे मनीयर विंचेस्टरला बोलावले गेले आणि त्यांचा उजवा हात आणि वृषण कापले गेले, कारण नाणं इतकं हिणकस झालं होतं की बाजारात कुणी घेत नव्हतं. नाण्यावरचं नाव वाचताना मला हे दर वेळी आठवतं.

आता पाडायची पद्धत, म्हणजे नाण्यावर जे वेडंवाकडं दिसतं ते का दिसतं हे कळेल. चांदी वितळवून, ओतून, ठोकून पत्रा करायचा, त्यातून कातरीने चकत्या कापायच्या. खालचा ठसा लोखंडी, त्याच्या बुडाला टोक, ते लाकडाच्या ठोकळ्यात रुतवलेलं. त्यावर राजाची बाजू. वर चकती, चकतीवर दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोडा. हातोडा थेट बसायचा तो वरच्या ठशावर, आणि मनीयरचं नाव असायचं ते याच वरच्या ठशावर, म्हणून तो लवकर फुटायचा आणि खालचा एक ठसा टिकेपर्यंत वरचे निदान दोन लागायचे. एकाच राजाच्या चेहऱ्याला वेगवेगळ्या मागच्या बाजू जुळलेल्या दिसतात त्या यामुळे. ठसा हातात हलला तर अक्षरं दुहेरी उमटतात. पुढची आणि मागची बाजू एका रेषेत असेलच असं नाही, त्यामुळे नाणं फिरवून फिरवून बघा.

यॉर्कचं भाग्य असं की ही हत्यारं तिथे खरोखर सापडली. १९७६ ते १९८१ मध्ये कॉपरगेटला खोदकाम झालं त्यात सेंट पीटरच्या तलवारवाल्या पेनीचा लोखंडी ठसा निघाला, आणि ठसा नीट उमटतोय का ते बघायला शिशाच्या पट्टीवर मारलेले नमुनेही निघाले. कॉपरगेटचा तांब्याशी संबंध नाही बरं का, ती लाकडी वाट्या-प्याले कातणाऱ्यांची गल्ली. नंतरच्या काळात ठसे बहुतेक लंडनहून यायचे आणि त्याचे पैसे मोजावे लागायचे, १०८६ च्या डूम्सडे नोंदीत (राजाने देशभरच्या जमिनी आणि येण्याची केलेली मोजदाद) हेरफर्ड गावाचा दर आहे, नमुना बदलला की प्रत्येक मनीयरने ठशांसाठी १८ शिलिंग द्यायचे आणि परतल्यावर महिन्याभरात राजाला आणखी २०. एक शिलिंग म्हणजे १२ पेन्या, हिशोब करा.

आता काट्यावर ठेवा. बाराव्या-तेराव्या शतकातली चांगली पेनी १.४ ग्रॅमच्या आसपास भरते. १३५१ नंतर ठरलेलं वजन १.१७, १४१२ नंतर ०.९७, १४६४ नंतर ०.७८ ग्रॅम, म्हणजे हलकी दिसली म्हणून लगेच खोटी म्हणू नका, आधी काळ ठरवा. अर्धी किंवा पाव पेनी मिळाली तरी फेकू नका. १२७९ पर्यंत सुटे पैसे म्हणजे बहुतेक पेनीच क्रॉसच्या रेघेवर कापायची, दोन तुकडे केले की हाफपेनी, चार केले की फार्दिंग. फार्दिंग म्हणजे चौथा भाग, अगदी आपल्या पावलीसारखं.

वजन कमी असेल आणि कड अक्षरांच्या आत आली असेल तर नाणं कातरलेलं आहे. लोक कडेची चांदी काढून विकायचे, ते रोखायलाच १२४७ मध्ये क्रॉस कडेपर्यंत नेला, टोकं दिसत नसतील तर नाणं घ्यायचं नाही. कातरल्याचा आरोप ठेवून नोव्हेंबर १२७८ मध्ये इंग्लंडभर ज्यूंना पकडलं, लंडनमध्ये शेकडो लोकांना फाशी दिलं आणि १२९० मध्ये उरलेल्या सगळ्यांना देशाबाहेर काढलं. ख्रिस्ती सोनारही पकडले गेले, पण फाशी गेलेले त्यांच्यातले फार थोडे. कातरलेली कड नुसती दोष म्हणून बघू नका.

अकराव्या शतकाच्या आसपासची पेनी असेल तर आडव्या उजेडात पृष्ठभागावर सुरीच्या टोकाने मारल्यासारखे बारीक खाचे शोधा, नाणं जरा वाकवून परत सरळ केलेलंही असू शकतं. हे असेल तर ती पेनी समुद्र ओलांडून स्वीडन-डेन्मार्ककडे जाऊन आली असण्याची शक्यता बरीच. खंडणी म्हणून इतकी चांदी तिकडे गेली की राजा एथेलरेडच्या पेन्या आज इंग्लंडपेक्षा तिकडेच जास्त सापडल्या आहेत, आणि तिकडचे लोक चांदी खरी आहे का ते असं टोचून बघायचे.

आता १२७९. पहिल्या एडवर्डने सगळं बदललं आणि मनीयरचं नाव मागच्या बाजूवरून काढून टाकलं. मला याचं वाईट वाटतं, पण वाचणाऱ्याला सोपं झालं, चार तुकड्यांत ‘सिव्हि-टास-एबो-रासी’. यॉर्कला तेव्हा दोन टाकसाळी, राजाची किल्ल्यात आणि आर्चबिशपची वेगळी. ओळखायचं कसं, तर क्रॉसच्या बरोबर मध्यावर भिंग न्या, तिथे चार पाकळ्यांचं बारकं फूल असेल तर आर्चबिशपची, क्रॉस साधा असेल तर राजाची. पुढे कित्येक पिढ्या ही खूण चालली. शेवटी शेवटी कार्डिनल वुल्झी यॉर्कचा आर्चबिशप असताना त्याने आपली कार्डिनलची टोपी नाण्यावर घातली, तीसुद्धा चार पेन्यांच्या मोठ्या ग्रोटवर, आणि १५२९ मध्ये तो राजाच्या मर्जीतून उतरला तेव्हा आरोपांच्या यादीत ही टोपीही होती.

खोटं ओळखायला कड बघा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ राहते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरं साबणाने झिजल्यासारखी मऊ वाटतात. खऱ्या पेनीवर हातोड्याच्या दाबाने चांदी अक्षराकडे सरकलेली दिसते. तरी शंका असेल तर केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमचा जुन्या नाण्यांचा डेटाबेस आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची साइट, दोन्ही फुकट आहेत, तिथे त्याच मनीयरचं त्याच गावाचं नाणं शोधून फोटो शेजारी ठेवा. आणि इंग्लंडात राहत असाल आणि शेतात स्वतःलाच काही सापडलं तर ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र असली की १९९६ च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे १४ दिवसांत कळवावंच लागतं.

सगळं वाचून झालं की लगेच चिठ्ठी लिहा आणि नाण्यासोबत पाकिटात ठेवा, उद्यावर टाकलंत की राहून जातं. माझ्याकडच्या एका पेनीची चिठ्ठी अशी आहे: मागे ‘तुर्किल ऑन एव्हरव’, म्हणजे यॉर्क, मनीयर तुर्किल, नाव अजून व्हायकिंग वळणाचं. छोटा क्रॉस, चार कोपऱ्यांत चार-चार ठिपके. पुढे ‘हेन्रिकस रेक्स’, पण ११८० नंतरचं, राजा दुसरा हेन्री किंवा रिचर्ड. वजन १.३६. मागची बाजू पुढच्यापेक्षा चतुर्थांश फिरलेली. तुर्किलमधला के दोनदा उमटलाय, ठसा हलला.